हाकेआधीची हाक

कानवाल्या बाईंच्या समोर दिवसभर माणसं काचेआड बसून बटण दाबत असत. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी त्यांची खोली. खोलीत आणखी एक छोटी खोली, आतून स्पंजाने मढवलेली, जाड दाराची. माणसाने आत बसायचं, हेडफोन लावायचा, बाई बाहेरून बारीक आवाज सोडणार, ऐकू आला की बटण. ऐकू न येताच बटण दाबणारेही बरेच निघतात. कुणी घाबरून दाबतं, कुणी आपला कान ठणठणीत आहे हे पटवायला दाबतं. बाई त्याला खोटा होकार म्हणत, आणि काही न बोलता तपासणी पहिल्यापासून सुरू करत.

घरी सासूबाईंना धड ऐकू येत नव्हतं, पण सुनेकडून कान तपासून घेतील तर शपथ. "मला येतं तेवढं पुरे, बाकीचं तुमचं तुम्ही ऐका," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवरा शाळेची बस चालवायचा. आपल्या घरात ऐकून घेणारी एकच आहे आणि तीही पगार घेऊन ऐकते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

पण बाईंचा जीव होता मैदानावर. तरुणपणी त्या रिलेत तिसऱ्या टप्प्याला धावत. गुडघ्याने दगा दिला तेव्हा म्हाताऱ्या क्रीडाशिक्षकांनी शिट्टी त्यांच्या गळ्यात अडकवली, ती कायमचीच. रोज सकाळी हॉस्पिटलला जाण्याआधी त्या क्लबच्या मुलींना रिले शिकवत. त्यांच्या मुलींनी फार मोठं काही जिंकलं नव्हतं. मात्र बाईंच्या मुलीच्या हातून बॅटन पडली, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि बाईंना याचा किती अभिमान होता ते त्या बोलून दाखवत नसत म्हणूनच सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सांगत, शर्यत बॅटनची आहे, तुम्ही आपल्या निमित्ताला. बॅटन कुठेही मंदावता कामा नये. म्हणून पुढच्या मुलीने ट्रॅकवर चिकटपट्टीची एक खूण करायची. मागून येणारी त्या खुणेवर पोचली की हिने जीव खाऊन सुटायचं, आणि मग काही झालं तरी मागे बघायचं नाही. मागून हाक आली की हात मागे, तळवा उघडा. बॅटन टेकली की मूठ. एवढं सगळं ट्रॅकवर आखलेल्या बदलाच्या पट्ट्याच्या आत उरकायला हवं, नाहीतर संघ बाद. म्हणजे ज्या क्षणी सगळ्यात जास्त बघावंसं वाटतं, त्या क्षणी फक्त कानावर भरवसा ठेवायचा. बाईंना रिले आवडायची ती याचसाठी.

शेजारच्या लेनमधल्या हाकेने आपली मुलगी फसू नये म्हणून प्रत्येक संघाची हाक वेगळी असते. बाईंच्या चौघींची हाक होती 'पाल'. कपडे बदलायच्या खोलीत एकदा पाल पडली आणि चौघी जशा सुटल्या, तशा त्या कुठल्याच शर्यतीत सुटल्या नव्हत्या. तेव्हापासून तोच शब्द. बाईंनीही ठेवून घेतला. प वर ओठ फुटतात, पुढचा आ लांब जातो, वाऱ्यातही ऐकू येतो.

तिसऱ्या टप्प्याच्या मुलीला सगळे भोंगा म्हणत, कारण विचारायची गरज नव्हती. चौथी, शेवटची, म्हणून शेपूट. शेपूट शांत पोरगी. एकटीने धावायच्या शर्यतीत तिचा निभाव लागत नसे, सुरुवातच संथ. पण हातात बॅटन आली की कुणाच्या बापाला आवरायची नाही. विभागाच्या स्पर्धेत पहिल्या दोनांत आलेल्या संघाला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत जागा मिळणार होती, राहणं-शिकणं सगळं तिथेच. शेपटीच्या बापाने तिला ही शेवटची संधी दिली होती. हुकली तर मावशीच्या शिलाईच्या दुकानात काजं करायला बसायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच शेपटीचं बिघडलं. भोंगा अजून चार हात मागे असतानाच तिचा हात मागे जाऊ लागला. हात मागे ठेवून कुणाला जोरात पळता येत नाही. ती मंदावायची, हवेवरच मूठ मिटायची, भोंगा तिच्या टाचांवर येऊन आदळायची. एका छोट्या स्पर्धेत बॅटन पडली. बाईंच्या संघाची, पहिल्यांदा. प्रेक्षकांत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या बाईंना घरी पोचेपर्यंत ऐकू येत होत्या.

बाईंनी विचारलं तेव्हा शेपूट खाली बघत म्हणाली की हाक आली म्हणून हात दिला. भोंगा उसळली. ती म्हणाली, मी काय मुकी आहे, मी ओरडते तेव्हा अख्ख्या मैदानाला कळतं. ते खरंच होतं. क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, पोरगी दडपणाखाली आली आहे, तिच्या जागी माझ्या पुतणीला घ्या, ती तयारच आहे. पुतणी इतकी तयार होती की शेपटीची लेन ती आधीच रोज सकाळी झाडून ठेवायची.

बाईंनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि शेपटीला हॉस्पिटलात बोलावलं. स्पंजाच्या खोलीत बसवून अगदी तळाचे आवाज सोडले, मध्येच मुद्दाम लांबलांब शांतता ठेवली. शेपटीने एकदाही उगाच बटण दाबलं नाही. इतका तेज आणि इतका प्रामाणिक कान बाईंनी फार वर्षांत तपासला नव्हता. त्यांना उलट जास्तच काळजी वाटली. कान खराब निघाला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेपटीला बाजूला बसवलं आणि शेवटच्या बदलाच्या पट्ट्यात स्वतः उभ्या राहिल्या, पाठ करून. भोंग्याला नेहमीसारखं वळणावरून धावत यायला सांगितलं. ऊन चांगलं वर आलं होतं, माळी पाइपने गवतावर पाणी मारत होता. पावलांचा आवाज जवळ येऊ लागला.

"पाल."

स्पष्ट. भोंग्याचा आवाज, तिचा तो लांबवलेला आ. बाईंचा हात आपोआप मागे गेला, आणि त्याच वेळी त्यांनी मान वळवली. भोंगा अजून वळणातच होती. तोंड मिटलेलं, नाकपुड्या फुगलेल्या. ती आणखी काही ढांगा आली, मग तिने तोंड उघडलं आणि ओरडली, "पाल!"

बाईंनी हात खाली घेतला. शेपूट त्यांच्याकडे बघत होती.

बाई मुळातल्या तपासणाऱ्या. मैदानाच्या कडेला सामानाची पत्र्याची खोली होती, तिच्यावर त्यांचा संशय गेला. त्या ट्रॅकवर जागोजाग उभ्या राहून टाळ्या वाजवत फिरल्या. माळ्याने विचारलं, कबुतरं हाकलताय का. पत्रा टाळी परत पाठवत होता, पण नंतर, जसं पाठवायला हवं तसं. भिंतीवरून आवाज मागून येतो. आधी येणारा आवाज कुठल्या भिंतीवरून येणार?

मग त्यांनी भोंग्याला बोलावून सांगितलं, आज वाटेल ते ओरड, काय ओरडणार ते मला सांगू नकोस. भोंग्याला गंमत वाटली. बाई परत पाठ करून उभ्या राहिल्या. पावलं वळणात आली.

"झाडू."

बाईंनी या वेळी मान वळवली नाही. त्या थांबून राहिल्या. पावलं जवळ आली, आणखी जवळ, आणि मागून भोंगा ओरडली, "झाडू!" आणि स्वतःच खिदळली. पुतणीवर टोमणा होता तो.

"हे तुला कधी सुचलं?" बाईंनी विचारलं.

"आत्ताच, बाई. अगदी तोंड उघडताना."

त्यांनी भोंग्याला काही सांगितलं नाही. त्या रात्री फक्त नवऱ्याला सांगितलं. तो नेहमीसारखा काहीतरी चेष्टेचं बोलायला गेला, बायकोचं तोंड बघून थांबला आणि म्हणाला की निदान पोरगी खोटं बोलत नाही हे तरी कळलं.

बाईंनीही तेवढंच धरलं. सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, शेपूटच धावेल. कारण विचारल्यावर म्हणाल्या, कान तपासलाय मी तिचा.

पण हाकेचं काहीतरी करायला हवं होतं. बाईंनी शेवटच्या बदलातून हाकच काढून टाकली. भोंग्याने मुकाट यायचं. शेपटीने सुटल्यावर मनातल्या मनात ढांगा मोजायच्या आणि ठरल्या ढांगेला हात मागे द्यायचा. मुके बदल करणारे संघ असतात, बाईंना ते कधी पटलं नव्हतं. आता त्या स्वतः शेपटीला बजावत होत्या, "ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. तुझ्या ढांगा आणि तू." भोंगा दोन दिवस फुगून बसली, मग सवय झाली. आणि भोंग्याने ओरडणं सोडलं तशी ती आधीची हाकही बंद झाली. बाई रोज पाठ करून उभ्या राहत. पावलं, श्वास, माळ्याच्या पाइपाचं पाणी. बाकी काही नाही. हात बरोबर वेळेला मागे जाऊ लागला. बॅटन पुन्हा धावू लागली.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी बाई शेवटच्या वळणाच्या कुंपणाशी उभ्या होत्या. मैदान दुसऱ्या शहरातलं, नवं, जवळपास पत्र्याची एकही खोली नव्हती. पहिल्या दोघींनी चोख काम केलं. भोंग्याला बॅटन मिळाली तेव्हा संघ दुसरा होता. ती वळणात शिरली, सुंदर, हलकी, ओठ घट्ट मिटलेले. खुणेवर आली. शेपूट सुटली.

"थांब!"

बाईंनी कुंपण धरलं. आवाज भोंग्याचा होता. भोंगा त्यांच्या डोळ्यांसमोरून चालली होती, तोंड मिटलेलं, पाय झकास पडत होते. थांब ही रिलेतली सगळ्यात वाईट हाक. आता मी तुझ्यापर्यंत पोचत नाही, एवढाच तिचा अर्थ.

आणि आयुष्यभर ऐका-ऐका म्हणत आलेल्या बाईंनी नेमकं याच पोरीला ऐकू नको म्हणून शिकवलं होतं.

त्यांना ओरडता आलं नाही. बाहेरून कुणी ओरडून उपयोगही नव्हता. त्यांनी फक्त शेपटीच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ क्षणभर घुटमळली. ढांग आखडली. हात ठरल्या ढांगेच्या आधीच मागे आला आणि तसाच उघडा राहिला.

तेव्हा कुठे भोंग्याची मांडी धरली. एकदम, कुणी मागून ओढावं तशी. ती वाकली, लंगडली, तोंड उघडून तिने श्वास आत घेतला, आणि समोर बघते तर तळवा हाताशी. पट्टा संपायच्या जेमतेम आत तिने बॅटन त्यावर ठेवली आणि ट्रॅकवर आडवी झाली. बदल पट्ट्यातच झाला म्हणून पंचाने पांढरा झेंडा वर केला. शेपूट मग जी गेली ती गेली. पहिली आलेली मुलगी तिच्या एका हातावर होती. दुसरा नंबर. प्रबोधिनीची जागा पक्की.

शेपटीचा बाप गर्दीतून वाट काढत आला. मग त्याने तिचे बूट उचलून हातात धरले आणि तसाच उभा राहिला. सेक्रेटरी सगळ्यांना सांगत होते की त्यांचा पहिल्यापासून या पोरीवर विश्वास होता.

बाई स्टँडखालच्या प्रथमोपचाराच्या खोलीत भोंग्याच्या मांडीला बर्फ लावत बसल्या होत्या. शेपूट दाराशी येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"बाई, मी ऐकलं. तुम्ही नको म्हणाला होतात तरी."

"बरं केलंस."

"काय ऐकलं?" भोंग्याने विचारलं. बाईंनी शेपटीकडे बघितलं, मग आता लपवण्यात अर्थ नाही असं वाटून भोंग्याला सगळं सांगितलं. पाल, झाडू, आणि आजचं. भोंगा चेष्टा करेल असं त्यांना वाटलं होतं. तिने केली नाही.

"मी थांबच ओरडणार होते," ती म्हणाली. "श्वास घेतला होता. तेवढ्यात हिचा हात दिसला, म्हणून नाही ओरडले."

खोलीत नळ ठिबकत होता. बाईंच्या मनात तो हिशोब आपोआप जुळत गेला. पाल आधी आली, मग खरी पाल आली. झाडू आधी आला, मग खरा झाडू आला. प्रत्येक आवाजामागून त्याची खरी हाक आली होती. आजच्या आवाजामागची खरी हाक मात्र अजून यायचीच होती.

भोंग्याने गळ्याला हात लावला. "तेव्हापासून इथे काहीतरी आहे, बाई. पाणी प्यायले तरी जात नाही. ओरडून टाकलं की मोकळं होईल, असं वाटतंय."

"मग टाक ना ओरडून," शेपूट म्हणाली.

भोंग्याने मान हलवली. स्टँडच्या वर लोक उठून जात होते, त्यांची पावलं छतावरून सरकत होती. बाहेर बाईंच्या नवऱ्याने मुलींना परत न्यायला बस सुरू केली होती, पुढच्या शर्यतीच्या मुली ट्रॅकवर जागा घेत होत्या, शेपटीचा बाप बूट धरून तिची वाट बघत होता. इतकी माणसं, सगळी आपापल्या वाटेने निघालेली.

"मी आत्ता ओरडले," भोंगा हळूच म्हणाली, "तर कोण थांबेल, बाई?"

बाईंनी बर्फ खाली ठेवला, आणि आपला गारठलेला तळहात तिच्या ओठांवर दाबून धरला.