शिवणाच्या बाईंचं जर्मन

माझी मावशी आमच्या शाळेत अठरा वर्षं शिवण शिकवत होती. मुख्य इमारतीच्या मागे, सायकलस्टँडला लागून तिची खोली होती. खोलीत अकरा मशिनी, त्यातल्या नऊ चालू. उरलेल्या दोघींचे सुटे भाग काढून काढूनच या नऊ जिवंत ठेवलेल्या. मशीन कुरकुरायला लागली की मावशी आधी कान लावून ऐकायची आणि मगच हत्यार हातात घ्यायची.

मी नववीत गेले त्या वर्षी शाळेने शिवण हा विषय बंद करायचं ठरवलं. मुलं मिळतच नव्हती. त्याच सुमारास जर्मनचे सर नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेले. हेडसरांनी मावशीला बोलावून घेतलं. तिची जुनी फाईल त्यांच्यासमोर उघडी होती.

"बाई, तुम्हाला शाळेत चार वर्षं जर्मन होतं?"

"होतं, सर."

"आणि दहावीला त्यात शाळेत पहिल्या आला होतात."

"सर, त्याला पंचवीस वर्षं झाली. त्यानंतर मी जर्मनमध्ये शिंकलेसुद्धा नाही."

हेडसर हसले नाहीत. त्यांनी सरळ सांगून टाकलं. तात्पुरता तास मावशीने घ्यायचा. वर्षभरात भाषेची मधल्या पातळीची परीक्षा ती पास झाली तर जागा तिची. नाही झाली, तर तिला द्यायला त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती.

मावशी शाळेतून तडक आमच्या घरी आली. आई तिची मोठी बहीण. सगळं ऐकून घेतल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुला पुढे तेच शिकायचं होतं ना गं?"

मावशीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "बाबांनी शिवणाच्या कोर्सला नाव घातलं. वर्षात काम मिळेल म्हणाले, मिळालंही. मला कुणी विचारलं नाही, ताई, आणि मीही तोंड उघडलं नाही."

"मग आता उघड," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मावशी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसू लागली. तिच्या घरी दोन लहान मुलं होती आणि तिथे पुस्तक उघडलं की त्यावर कुणीतरी चढून बसायचं. मी तिच्यासमोर बसून शब्द विचारायचे. आठवत नसला की ती कपाळावर बोट ठोकत म्हणायची, "आत आहे गं, कुठेतरी तळाशी गेलाय." आणि खरंच, कधी कधी भाजी चिरता चिरता अचानक ओरडायची, "सापडला!"

वर्गात आम्ही चौदाजण होतो. मावशी पहिल्या दिवशी आली तेव्हा मागच्या बाकावरचा लंबू मोठ्याने म्हणाला, "बाई, तुम्ही शिवणाच्या ना?"

"हो. आणि तुमच्यापुढे मी फक्त आठ धडे आहे," मावशी म्हणाली. "पळत राहिले तर पुढेच राहीन. तुम्ही जोरात पळालात तर मलाही जोरात पळावं लागेल. बघा, जमतंय का मला दमवायला."

मी खाली मान घातली. आपल्या मावशीने असं भर वर्गात कबूल करावं, याची मला लाज वाटली होती. पण लंबू पुढच्या बाकावर येऊन बसला.

शिकवण्याची दुसरी कुठली रीत तिला माहीत नव्हती, म्हणून तिने आपलीच वापरली. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं. तो, ती, ते, तसं डेअर, डी, दास. तिने कापडाचे चौकोन कापले, डेअरला निळा, डीला लाल, दासला पांढरा, आणि वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर टाचले किंवा चिकटवले. आपली ती खुर्ची तिकडे तो. आपली ती खिडकी तिकडे ते. सूर्य तर तिकडे चक्क बाई निघाला. भिंत तेवढी दोन्हीकडे ती.

"चला, भिंतीने आपली लाज राखली," मावशी म्हणाली, आणि त्यानंतर एखादा शब्द दोन्ही भाषांत जुळला की सगळा वर्ग "भिंत!" म्हणून ओरडायचा.

काही क्रियापदांचे तिकडे दोन तुकडे होतात, हे आधीच्या सरांनी फळा भरून समजावलं होतं आणि आम्हाला ढिम्म कळलं नव्हतं. मावशीने 'आउफमाखेन', म्हणजे उघडणं, हा शब्द कागदाच्या पट्टीवर लिहिला, कात्रीने कापला, 'माखेन' वाक्याच्या मध्ये ठेवलं आणि 'आउफ' शेवटी नेऊन टाचणीने टोचलं. "कापायचं, नेऊन लावायचं. बाही लावतो तसंच." आमच्यातल्या कुणीच आयुष्यात बाही लावली नव्हती, पण ते वाक्य मात्र कुणी विसरलं नाही.

सहा महिन्यांनी मावशी परीक्षेला गेली. मोठ्या शहरात, बसने चार तास. तिच्याबरोबर बसलेली सगळी पोरं विशीच्या आतबाहेरची. एकाने तिला पर्यवेक्षक समजून उठून नमस्कार केला.

निकाल आला. वाचन, लेखन, ऐकणं, तिन्हीत पास. बोलण्यात नापास.

मला वाटलं, ती हे लपवेल. तिने वर्गात येऊन फळ्यावर गुण लिहिले. बोलणं, अठ्ठेचाळीस. पाहिजेत साठ.

"काय विचारलं होतं, बाई?" लंबूने हळूच विचारलं.

"दोघांनी मिळून सहल ठरवायची होती. समोरची मुलगी धडाधड बोलत होती. मी मनात वाक्य शिवायची, कुठे चूक दिसली की उसवायची, परत शिवायची. वाक्य तयार होईपर्यंत सहल जाऊनसुद्धा आली."

वर्गात कुणीतरी फिसकन हसलं आणि मग तीही हसली. 

लंबू उभा राहिला. "बाई, आम्ही तर सगळंच चुकीचं बोलतो. आमच्याशी बोला ना."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत शिवणाच्या खोलीत आमचा अड्डा जमू लागला. मशिनींवर डबे ठेवायचे आणि फक्त जर्मन बोलायचं. नियम लंबूनेच केला. वाक्य सुरू केलं की ते संपवायचंच, आणि संपेपर्यंत कुणी कुणाला सुधारायचं नाही, बाईंनी स्वतःलाही नाही. पहिले काही दिवस मावशीचे फार हाल झाले. अर्ध्यात थांबली की चौदाजण एका सुरात "पुढे, पुढे!" करायचे. एकदा तिला सांगायचं होतं की काल माझी बस चुकली. ती म्हणाली की काल मी बस खाल्ली. लंबूने गंभीर चेहऱ्याने जर्मनमध्येच विचारलं, "मीठ होतं का?" मावशी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली. मात्र उत्तर तिने दिलं. "कमी होतं," म्हणाली, तेही जर्मनमध्ये.

घरी मी तिला मावशी म्हणायचे, वर्गात बाई. त्या खोलीत मात्र ती आमच्यातलीच एक झाली होती. मला आता तिची लाज वाटत नव्हती, उलट वर्गातल्या सगळ्यांना कळावं असं वाटायचं की ही माझी मावशी आहे. ते अर्थातच सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

चार महिन्यांनी ती पुन्हा तोंडी परीक्षेला बसली. हाताने वस्तू बनवण्यावर बोला, असा विषय आला. मावशी शिवणावर बोलली. सुईत दोरा ओवण्याचं सांगताना तिचा शब्द अडला. सुईच्या त्या बारीक भोकाला काय म्हणतात? आधीची मावशी असती तर तिथेच थिजली असती. यावेळी ती सरळ म्हणाली, "सुईचं भोक, त्याचा खरा शब्द मला येत नाही."

परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "आम्ही त्याला सुईचा कान म्हणतो."

"कान?" मावशी खुश झाली. "म्हणजे तुमची सुई ऐकते! आमच्याकडे त्याला नेढं म्हणतात, त्याला फक्त दोरा कळतो."

परीक्षक बाई हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि परीक्षेत नसलेले दोन प्रश्न विचारले. दोन्ही बाहीबद्दलचे होते.

त्र्याहत्तर गुण मिळाले. हेडसरांनी पेढे-बिढे काही वाटले नाहीत, पण स्वतः शिवणाच्या खोलीपर्यंत चालत आले आणि दारावरची शिवणाची जुनी पाटी काढून जर्मनची लावायला सांगितली. मशिनी मात्र मावशीने हलवू दिल्या नाहीत.

याला आता पाच वर्षं झाली. तिच्या वर्गात आता एकतीस मुलं असतात. लंबू तांत्रिक शाखेला गेला आणि अजून तिला चुकांनी भरलेले लांबलचक जर्मन मेसेज पाठवतो. आणि गेल्या महिन्यात परदेशी भाषा शिकवणाऱ्यांच्या दोन आठवड्यांच्या वर्गासाठी मावशीची निवड झाली. जर्मनीला. एकटीने जायचं, मध्ये विमान बदलायचं. आईने आठवडाभर आधीपासून काळजी सुरू केली.

पोचल्यावर चौथ्या दिवशी तिचा फोन आला. आईने फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, काल छत्री घेतली, आज उघडली तर काडी मोडलेली. दुकानात गेले आणि बदलून घेतली!"

"भांडलीस की काय परक्या मुलखात?"

"नाही गं. दुकानदार म्हणाला, पावती नाही तर बदलून नाही. मी म्हटलं, पावती नाही, पण तुम्ही आहात ना, काल तुम्हीच दिलीत. तो विचारात पडला आणि दिली की बदलून."

"हे सगळं जर्मनमध्ये?"

"मग काय खुणांनी?"

आई माझ्याकडे बघून हसली. मग तिने फोन जवळ ओढला आणि विचारलं, "रंग तरी तोच मिळाला ना?"