तुयेच्या कारखान्यासाठी लावलेला कौल

गोवा राज्य झालं, त्यानंतरच्या वर्षांत मी तुयेच्या औद्योगिक वसाहतीत, रबरी वॉशरच्या कारखान्यात मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर दुसरं कोणी करत नाही ते सगळं करणारा. मालकांना आम्ही पात्रांव म्हणायचो. माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त इतका की दारात आलेल्या विमा एजंटालाही नाही म्हणायला जीभ रेटायची नाही.

अशा माणसाकडे जपानी कंपनी चालून आली. आशियात त्यांना आणखी एक कारखाना हवा होता. एक तर आमचा, नाहीतर मलेशियातला. निम्मं भांडवल त्यांचं, यंत्रं त्यांची, मालही तेच परदेशी नेणार. अट एकच, वॉशरच्या कडा कात्रीने छाटायचा विभाग बंद करायचा. तिथे सावंतवाडीकडच्या बायका कामाला होत्या. त्यांचं मला वाईट वाटत होतं, पण बाकीचे तरी तरतील असा माझा हिशेब होता.

सह्यांच्या दिवशी पात्रांव म्हणाले, "देवाक विचारल्याबगर सही करची ना."

आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, असंच देवाला कौल लावून ठरतं. भटजी देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. जपानी पाहुणेही देवळात आले. मी त्यांच्याबरोबर मंडपात बसलो, पात्रांव एकटे गाभाऱ्यापाशी गेले. बाहेर आले ते मान खाली घालून.

"डावो कौल जालो. देव नाका म्हणटा."

पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. त्यांचा करार मलेशियातल्या कारखान्याशी झाला. माझं तर डोकंच फिरलं. देवाला रबराच्या बाजारातलं काय कळतं, असं मी पात्रांवांना तोंडावर विचारलं. पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होतो.

वर्षभराने त्याच देवळात गेलो, तर भटजींनी कौतुकाने विचारलं, "जपान्यांचं काम जोरात ना? कौल कसा झटक्यात उजवा झाला होता!"

मी तसाच उलटपावली कारखान्यात आलो आणि पात्रांवांच्या केबिनचं दार ढकललं. भटजी काय म्हणाले ते त्यांना सांगितलं.

"देवान होय म्हटलां, खरें," ते शांतपणे म्हणाले. "पूण गेटीर रावून त्या बायलांक उद्यांपासून येवंक नाका म्हणून सांगपाचें कोणें? देवान?"

माझा पारा अजून उतरला नव्हता. म्हटलं, "मला सांगायचं होतंत. मी सांगितलं असतं त्यांना."

"म्हूणच तुका सांगूंक ना," पात्रांव म्हणाले.