ब्लॉक, आतल्या संडासासकट

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टायपिस्ट होते, तेव्हा साहेबांच्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी डिक्शनरी असायची. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा तीत 'ब्लॉक' शब्द काढला. लाकडाचा ओंडका, दगडाचा ठोकळा, छापखान्यातला ठसा, रस्त्यातला अडथळा, इमारतींचा समूह, शिवाय मुंडकं उडवण्याआधी माणसाची मान ज्यावर ठेवतात तो ठोकळासुद्धा. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत माणसं ज्या एका अर्थासाठी जीव टाकत होती, तो तेवढा नव्हता. आमच्याकडे ब्लॉक म्हणजे ज्याचा संडास आत आहे असं घर. बाकीचे ओंडके इंग्रजांनी आपल्याकडे ठेवावेत.

घरं नसली तरी घराला शब्द आमच्याकडे भरपूर होते. 'रूम' म्हणजे एक खोली आणि कोपऱ्यात मोरी. 'डबल रूम' म्हणजे तीच खोली, मध्ये पार्टिशन. 'सेल्फ-कंटेन्ड' म्हणजे ब्लॉकच, फक्त सांगणारा जरा शिकलेला. 'ओनरशिप' म्हणजे ब्लॉक आणि वर तोरा. आणि 'जागा' म्हणजे काहीही. चार पत्रे ठोकलेले असले तरी लोक ऐटीत सांगायचे, 'आमची कोपरला जागा आहे.'

मी ठाण्यातल्या चाळीत वाढले. रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसण्याआधी टमरेल घेऊन रांगेत उभी राहायची. पुढे शेजारचे काका, मागे त्यांचा मेव्हणा, आणि आत गेलं की बाहेरून कडी वाजवत 'आटपा की!' म्हणणारी अख्खी चाळ. तासाभराने त्याच मला ऑफिसात प्यून 'मॅडम' म्हणायचा. मला त्या रांगेची मनापासून चीड होती. मी घरात जाहीर करून टाकलं, की ज्याच्याकडे ब्लॉक असेल त्याच्याशीच लग्न करीन, मग तो टकला असो की बुटका.

पहिलं स्थळ कल्याणचं आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. मुलाचे मामा घराला पुन्हापुन्हा 'प्रशस्त' म्हणत होते. मी पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "संडास आत आहे की बाहेर?" मामांना ठसका लागला. संडास परसात होता, विहिरीच्या पलीकडे. मग मोहने गावातला एक डबल रूमवाला आला आणि गेला. चाळीत बोभाटा झाला, की हिला नवरा नकोय, संडास हवाय. मी ते कधी नाकारलं नाही.

डोंबिवलीचा मुलगा आला तो कमी बोलणारा. म्हणाला, "ब्लॉक आहे. पहिल्या मजल्यावर. संडास आत." मी तिथल्या तिथे हार घालायच्या बेतात होते, पण आधी घर बघायचा हट्ट धरला. मुलीने मुलाचं घर तपासायला जायचं, म्हणून आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. हॉल होता, किचन होतं, आणि पॅसेजच्या टोकाला हिरवं रंगवलेलं अरुंद दार होतं. दार मी डोळे भरून बघितलं, पण उघडलं नाही. इतकी निर्लज्ज मीसुद्धा नव्हते.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी उघडलं. आत तांब्याचा बंब, कोळशाचं पोतं, रिकामी पिंपं, नवऱ्याचा लहानपणीचा पाळणा. खाली संडासाच्या भांड्यावर फळी टाकून तिच्यावर जुन्या सतरंज्या रचलेल्या. तो संडास आहे हे फक्त बिल्डिंगच्या नकाशाला माहीत होतं. मी वळले तर मागे सासूबाई उभ्या. त्यांनी माझ्या हातात टमरेल दिलं. "अगं, आपण मागे चाळीत जातो."

झालं होतं असं. घरमालकाने आपल्या बैठ्या चाळीच्या पुढ्यात ही बिल्डिंग बांधली होती. माझ्या सासरची माणसं मूळची त्या चाळीतली. सामान वर ब्लॉकमध्ये आलं, पण जाणं मागच्या संडासांतच राहिलं.

"तुम्ही म्हणालेलात ना, आत आहे म्हणून?" मी नवऱ्याला विचारलं.

"आहे की. वापरतो असं कुठे म्हणालो?"

महिनाभर मी टमरेल घेऊन जिना उतरले आणि मनातल्या मनात सगळ्या घराण्याचा उद्धार केला. मग एका रविवारी पदर खोचला. बंब गॅलरीत काढला, कोळसा विकला, पाळणा माळ्यावर टाकला, फरशी अ‍ॅसिडने घासली. नवऱ्याने पेपर डोळ्यांपुढे धरला तो खाली घेतलाच नाही. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "जिथे शिजवायचं तिथेच ते पण?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत जाऊन कडी लावली. बाहेरून कुणी वाजवली नाही. मी एक अख्खं मासिक वाचून काढलं. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं.

सासूबाई मात्र चाळीतच जात राहिल्या. सकाळी एकदा आणि दुपारी चहाच्या आधी एकदा. मी त्यांना सोवळ्याचं वेड आहे असं ठरवून टाकलं. माझी सुटका झाली होती, त्यांचं त्या बघतील.

घरात सासरेही होते. रिटायर झाल्यापासून त्यांनी दाराजवळच्या खुर्चीत ठाण मांडलं होतं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न. "कुठे?" आणि "किती वेळ?" मी रोज ऑफिसला जायची, तरी मला रोज विचारायचे. भाजीसुद्धा स्वतःच आणायचे, का तर 'हिला भाजीवाले फसवतात'.

अशी बरीच वर्षं गेली. नव्वद सालानंतर ब्लॉक हा शब्दच म्हातारा झाला. लोक 'फ्लॅट' म्हणायला लागले, मग 'वन बीएचके'. आमच्या घरमालकालाही वारं लागलं. मागची चाळ पाडून तिथे लिफ्टवाली बिल्डिंग करायचं ठरलं. चाळीतल्या बायका कुणी टिटवाळ्याला, कुणी बदलापूरला गेल्या. सगळ्यात शेवटी ते संडास पाडले.

त्या दिवसापासून सासूबाई जेवेनात. पोळीचा तुकडा मोडायच्या आणि ताटातच ठेवायच्या. हिरव्या दाराचा वापर त्यांनी मुकाट्याने सुरू केला होता, त्यामुळे मला वाटलं, सोवळं मोडलं म्हणून कष्टी आहेत. सासरे देवळात गेलेले बघून मी त्यांच्याजवळ बसले.

"आई, घाण नसते हो. मी रोज धुते."

"घाणीचं कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. "तिकडे काय गुलाबपाणी शिंपडलेलं?"

"मग काय होतंय?"

त्यांनी पदराचं टोक पिळलं. "अगं, लग्न झाल्यापासून बघतेय. हातात टमरेल असलं की बाईला कुणी विचारत नाही, कुठे चाललीस आणि किती वेळ लागेल. दोन वेळा जायची मी. तिथे ओट्यावर चारजणी बसायचो. तेवढंच होतं माझं."

मला एकदम रडू आलं. ज्या रांगेपासून सुटायला मी लग्न केलं, त्याच रांगेला त्या बाहेरचं जग म्हणत होत्या. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे कळलं नव्हतं.

संध्याकाळी सासरे खुर्चीत येऊन बसल्यावर मी खुंटीवरची कापडी पिशवी काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांना दाराकडे हलकेच ढकललं आणि किचनमध्ये सटकले.

"कुठे?" सासऱ्यांनी विचारलं.

"भाजीला," मी किचनमधून ओरडले.

"सकाळी तर आणली मी!"

"संपली."

त्या जिना उतरल्या. परतल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती, चपलांना धूळ होती आणि केसांत अबोलीचा गजरा. सासऱ्यांनी पिशवी चाचपली. रिकामी.

"भाजी कुठाय?"

"नव्हती," सासूबाई म्हणाल्या, आणि ताट वाढून घ्यायला आत आल्या. अख्ख्या डोंबिवलीत त्या संध्याकाळी भाजी नव्हती.