तोंड पाहून दिलेला हत्ती

वर्ध्याच्या जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेत मला हरवणारे प्राध्यापक त्या एका डावावर पंधरा वर्षं जगले. हत्ती बळी देऊन मला कसं लोळवलं, हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगायचे, मग शेजारच्या पानावर मी का असेना. ऐकणाऱ्यांना घोडा कसा चालतो हेही ठाऊक नसे, तरी ते माना डोलवत. या माणसाचा मला मनापासून तिटकारा होता.

यंदा अल्लीपूरच्या घरी कपाट आवरताना तो डाव लिहिलेला कागद सापडला. बायको म्हणाली, टाकून द्या. मी मात्र मोबाइलवर एकेक चाल भरत बसलो. माझी सुरुवात इतकी भिकार होती, की आपणच खेळलो यावर विश्वास बसेना. विसाव्या चालीला त्यांनी हत्तीनं माझ्या राजापुढचं प्यादं मारलं आणि मी डाव सोडला. मोबाइलचं म्हणणं वेगळंच होतं. राजानं हत्ती मारायचा, वजिराचा शह आला की उंट आडवा घालायचा. पुढं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. म्हणजे जिंकलेला डाव मी हात पुढं करून देऊन टाकला होता.

रविवारी मी वर्ध्याला त्यांच्या घरी जाऊन मोबाइल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मले तवाच मालूम होतं."

"मंग इतके वर्सं काऊन सांगत फिरले, सर?"

"खोटं काय सांगितलं? तू घाबरणार हे मी जाणून होतो. हत्ती मी पट पाहून नाई, तुयं तोंड पाहून देल्ला."

इतका निर्लज्ज माणूस मी पाहिला नव्हता. तिथूनच पुढं खेळू, असं मी म्हणालो. त्यांनी पट मांडला. मी हत्ती मारला, उंट आडवा घातला. मोबाइलच्या तीन-चार चाली पाठ होत्या, त्या संपल्यावर माझं मलाच खेळायचं होतं. तासाभरात, अख्खा हत्ती जास्त असताना, माझ्यावर मात झाली.

निघताना त्यांनी माझी पाठ थोपटली. मी ती मुकाट्यानं थोपटू दिली, आणि बसमध्ये बसल्यावर मला त्यांच्यापेक्षा माझीच जास्त किळस आली.