मामांचा खळीचा डबा

पुण्यात जिवंत माणसाची माफी मागण्याची पद्धत नाही. अशा गावात, कधीच मरून गेलेल्या एका सरदाराची माफी मागण्यासाठी बिबवेवाडीपासून हिंजवडीपर्यंत खळीचा डबा घेऊन वणवण फिरलेला माणूस एकच, आणि तो आमच्या हिचा मामा आहे.

मामा युद्धांचा इतिहास लिहितात. उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, हातात फूटपट्टीखेरीज दुसरं शस्त्र कधी धरलं नाही; पण जुन्या सेनापतींविषयी असे बोलतात, की ते सगळे जणू यांच्याच हाताखाली उमेदवारी करून गेलेत. त्यांच्या पुस्तकांत तलवारींचा खणखणाट औषधालाही सापडायचा नाही. असतो तो दाणा, वैरण, बैल आणि उशीर. "शौर्य सगळ्यांकडेच असतं हो जावईबापू. वेळेवर पोचणं कुणाकडे होतं, ते सांगा," असं विचारून ते माझ्याकडे असे बघतात, की मला उगाच घड्याळ बघावंसं वाटतं. मंडईत त्यांना कांदे आणायला पाठवलं तर गाळ्यापाशी उभे राहून दहा हजारांच्या फौजेला हे किती दिवस पुरतील, याची चौकशी करतात. गाळेवाला सुरुवातीला मोठं गिऱ्हाईक समजून चहा पाजायचा. आता तो मान वर न करता "फौज कुठवर आली, काका?" एवढंच विचारतो. उशिरावर तर त्यांचा विशेष दात. आमच्या लग्नात मी मांडवात पंधरा मिनिटं उशिरा पोचलो. रहदारी होती, असं मी अजिजीने सांगितलं. मामांनी अक्षता हातात घेतल्या आणि म्हणाले, "सबब." मुहूर्त टळला नव्हता, तरी ती पंधरा मिनिटं ते अजून विसरलेले नाहीत.

पुस्तकं ते स्वतःच छापतात आणि घरूनच विकतात. विकतात म्हणजे, येणाऱ्याची तोंडी परीक्षा घेतात. नकाशा वाचता येतो का, आधी काय वाचलंय, वाचणार आहात की कपाटात लावणार? पास झाला त्याचं नाव-पत्ता वहीत लिहून मग प्रत देतात. "इथे लग्न जमवायला आलोय का मी?" असं म्हणून एक गृहस्थ तणतणत निघून गेले, तर मामांना त्याचा आनंदच झाला. पण याच वहीने पुढे त्यांना तीन वर्षं पायपीट करायला लावली.

त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकात एक सरदार आहे. नदीच्या उतारापाशी तो तोफा घेऊन एक दिवस उशिरा पोचला आणि लढाई हातची गेली. त्याने धन्याला लिहिलं होतं, की पाऊस फार, गाडे रुतले. मामांनी पान एकशे बारावर हे पत्र छापलं आणि खाली एकच वाक्य लिहिलं: "ही नेहमीचीच सबब." वाचकांना ते वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं होतं, कारण त्या शब्दाचा मार खाल्लेला मी एकटाच नाही, हे कळून बरं वाटलं.

मग एकदा दुसऱ्या आवृत्तीसाठी फोटो हवा म्हणून मामांनी मला गाडी काढायला लावली आणि आम्ही त्या उतारावर गेलो. वाटेत अवकाळी पाऊस लागला. काळ्या रानात गाडी अशी रुतली, की चाकं दिसेनात. चार तासांत आम्ही पन्नास पावलंही सरकलो नाही. शेवटी ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी म्हणाला, "पावसात हितनं गाडी घालत्यात व्हय? बैल पोटापतुर रुततोय हितं." मी चिडलो होतो, बूट चिखलात हरवला होता. मामा गुडघाभर चिखलात उभे होते, नदीकडे बघत. म्हणाले, "तो उशिरा नाही आला, जावईबापू. तो आला, हेच नवल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठ्या छापायला टाकल्या. "पृष्ठ ११२ : गाडे खरोखरच रुतले होते. मी त्याला सबब म्हटले, ही माझी चूक. – लेखक." तीनशे प्रती, तीनशे चिठ्ठ्या. पोस्टाने पाठवा, असं मी सुचवलं. "पोस्टाने आलेली चिठ्ठी लोक जपून ठेवतात, म्हणजे हरवतात," असं म्हणून मामांनी मैद्याची खळ शिजवली, डब्यात भरली, आणि वही घेऊन निघाले. कॅम्पातल्या एका अत्तरवाल्यांनी चिठ्ठी वाचून डोळे मिटले आणि मामांच्या मनगटाला अत्तर लावलं. बिबवेवाडीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मात्र दारातच अडवलं. "खळीने झुरळं होतात. माझ्या पुस्तकाला खळ लागणार नाही." मामा म्हणाले, "मग मी जिन्यात बसतो." आणि बसले. तासाभराने बाई सुई-दोरा घेऊन बाहेर आल्या, चिठ्ठी पानाला टाचून दिली आणि वर म्हणाल्या, "आधीच नीट तपासून लिहायचं होतं." मामांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. हिंजवडीत एका कंपनीच्या फाटकाशी दोन तास उभं राहून गाठलेला तरुण म्हणाला, "काका, एक पोस्ट टाका ना ऑनलाइन, सगळ्यांना रीच होईल." मामा म्हणाले, "अहो, बदनामी कागदावर केली. माफी हवेत मागू?" पोराने पुढच्या रविवारी वडिलांच्या कपाटातली प्रत स्वतः आणून दिली.

यात गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मामा थांबले नाहीत. वहीतलं एकेक नाव खोडलं जात गेलं आणि शेवटी एकच उरलं, माझं. घरचा माणूस म्हणून मला मागे ठेवलं होतं.

खरं सांगतो, मला धसका बसला. मामी गेल्यापासून हा माणूस फक्त या वहीच्या जोरावर घराबाहेर पडत होता. शेवटचं नाव खोडलं, की मग काय? मामा पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणालो, "पुस्तक सापडत नाहीये, मामा. सामान इकडचं तिकडे झालंय." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, चहा मागवला आणि दोन तास घोड्यांच्या वैरणीविषयी बोलले. ते गेल्यावर मी गव्हाच्या पिंपामागून पुस्तक काढलं आणि चिठ्ठी मीच डिंकाने नीट चिकटवली. त्या सरदाराचं माझ्याकडे काही बाकी नाही. पुस्तक पुन्हा पिंपामागे गेलं.

तेव्हापासून दर रविवारी मामा डबा घेऊन येतात. "सापडलं?" मी म्हणतो, रंगकाम निघालं. मी म्हणतो, कपाटाची किल्ली हिच्याकडे आहे. परवा ही डबा घासून द्यावा म्हणून आत घेऊन गेली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. डबा कोरडा ठणठणीत होता. त्यात खळ नव्हती, आणि ब्रशही नव्हता. ही हलक्या आवाजात म्हणाली, "मागच्या रविवारीही असाच होता."

मी बाहेर आलो. मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "सापडलं?"

"नाही मामा. माळा अजून बघायचा राहिलाय."

ज्या माणसाने माझी पंधरा मिनिटं कधी माफ केली नाहीत, ते मामा खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बरोबर आहे. माळ्याला वेळ लागतो. चहा टाकायला सांगा."