ऐकलं म्हणा

वादळाचा इशारा आला की ग्रामपंचायतीचा शिपाई हातात भोंगा घेऊन कोळवणभर फिरतो. हल्ली आमचे मोबाइल त्याच्या आधीच किंचाळून गेलेले असतात. पण हा प्रत्येक दारात उभा राहून म्हणणार, "वादळ येतंय. पत्र्यावर दगडं ठेवा, जनावरं आत घ्या. ऐकलं का?"

माझ्याकडे जनावर सोडा, मांजरसुद्धा नाही. तरी आतून "ऐकलं" आल्याशिवाय तो हलत नाही. एकदा चिडून मी म्हटलं, "अहो, फोनवर वाचलंय मी!"

"फोनला काय कळतंय ताई, तुमी घरात हाय का न्हाई ते? ऐकलं म्हणा."

पुढे शहरातल्या लोकांची फार्महाउसं आहेत, आठवडाभर बंद. त्यांच्या फाटकाशीही तो सगळं नीट सांगतो, जरा थांबतो, मग खालच्या आवाजात स्वतःच "ऐकलं" म्हणतो आणि निघतो. मला हसू यायचं.

परवा वादळाआधी मी त्याच्या मागूनच घरी येत होते. त्याचं घर माझ्या खोलीच्या अलीकडे. बायको गेल्यापासून एकटाच असतो. दाराला कुलूप होतं. त्या कुलपासमोर त्यानं भोंगा उचलला आणि पत्र्यापासून जनावरांपर्यंत सगळं सांगितलं. "ऐकलं का?"

मग थांबला. वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, तरी उभाच. इथं मात्र स्वतः उत्तर देईना.

शेवटी रस्त्यावरून मीच ओरडले, "ऐकलं!"

त्यानं वळून पाहिलं नाही. "व्हय," म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढली.