झोकदार सही

बाबांना इस्पितळात दाखल करताना काउंटरवरच्या भैयाने आमच्या कपड्यांकडे पाहून शाईचं पॅड पुढे सरकवलं. बाबा झाशीत लक्ष्मी गेटजवळ सुतारकाम करायचे, अंगठा लावायचे. मी आमच्या घरातली पहिली बीए. पॅड परत ढकललं आणि चार जागी इंग्रजीत झोकात सह्या ठोकल्या. कागद वाचला नाही. वाचत बसले असते तर त्याला वाटलं असतं, हिला जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले तर बाबांचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना पट्टीने बांधलेले. डायपर घातलेला. निमोनियाच्या तापात जन्मभराची हिंदी विसरून ते पहाटेपासून मराठीत सांगत होते की लघवीला जायचंय. झाशीच्या त्या वॉर्डात ते कुणाला कळणार? स्वतःच उठायला गेले, सलाईनची सुई निघाली. डोकं ठिकाणावर नाही असं समजून सुई परत लावली आणि हात बांधून टाकले.

मी सिस्टरवर तुटून पडले. तिने वाद घातला नाही, फाइल उघडून धरली. गरज पडल्यास हात बांधण्याची परवानगी. खाली माझी सही.

"दीदी, आप तो पढ़ी-लिखी हैं," ती म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

बाबा घामाने भिजले होते. डायपर मात्र कोरडा. ओठ आवळून म्हणाले, "सोड गं. आता धरवत नाही."

सिस्टर विचारत होती, पडले तर जबाबदार कोण? अख्ख्या वॉर्डाला ती एकटी. तेही खरंच. मी त्याच कागदावर हिंदीत लिहिलं की हात बांधू नयेत, सोबत मी राहीन. वाचून सही केली. तेवढा वेळही बाबांना जड जात होता. गाठी सुटेनात, तेव्हा सिस्टरनेच कात्रीने पट्ट्या कापल्या आणि दुसऱ्या बाजूने त्यांना धरलं.

संडासापर्यंत सहा खाटा ओलांडायच्या होत्या. तिसरीपाशी ते थांबले, डोळे मिटले. मला वाटलं, झालं. मग त्यांनी पाऊल उचललं.

संडासाचं दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं, नळीपुरती फट ठेवून. सिस्टर परत गेली. मी बाहेर, सलाईनची बाटली धरून.

"आधी वाचलं नव्हतंस?" आतून आवाज आला.

"नाही."

मग पाणी ओतल्याचा आवाज.

"बरं. बाटली वर धर."